चढावर अडखळणारी गाडी : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

[ब-३०२, सकाळी ८.०५]
सर्वांना नमस्कार. आज पुन्हा तेच घडले, म्हणून येथे लिहीत आहे. अ-१०१ च्या सरांची गाडी बेसमेंटच्या चढावरून वर येताना मध्येच दम सोडते, क्षणभर मागे घरंगळते आणि मग एकदम झेप घेते. आज माझी मुलगी दुचाकीवर अगदी मागेच उभी होती. सरांविषयी मला आदर आहे, परंतु गाडी दुरुस्त होईपर्यंत ती वर गेटजवळ उभी करावी, अशी विनंती मी यापूर्वीही केली होती.

[अ-१०१, सकाळी ८.२०]
वहिनी, मुलगी घाबरली याचे मला फार वाईट वाटले. गाडी आजपासून वरच उभी करतो. ती २००६ ची आहे हे सर्वांना ठाऊक आहेच. गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी प्लग, एअर फिल्टर आणि पेट्रोल फिल्टर बदलले आणि थ्रॉटल बॉडी साफ केली. तरीही फरक पडला नाही. आता टाकीतील पेट्रोल पंप बदलावा लागेल असे ते म्हणतात आणि त्याचा खर्च बराच सांगितला आहे.

[ब-२०३, सकाळी ८.२४]
सर, हे सगळे पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे होत आहे. २००६ ची गाडी २० टक्के इथेनॉलसाठी बनलेलीच नाही. पंप बदलून काहीही होणार नाही.

[क-१०२, सकाळी ८.३१]
माझे स्पष्ट मत आहे की १५ वर्षे उलटलेली गाडी ठेवूच नये. एवढ्या खर्चात नव्या गाडीचा पहिला हप्ता निघतो.

[अ-१०१, सकाळी ८.३५]
गाडीच्या नोंदणीचे रीतसर नूतनीकरण झाले आहे, तपासणीही झाली आहे. महाराष्ट्रात केवळ वयामुळे खासगी गाडी मोडीत काढावी असा नियम नाही. ती विकायची की नाही, हा प्रश्न येथे नको.

[सचिव, सकाळी ८.४०]
सर्वांना विनंती आहे की चर्चा गाडीच्या दोषापुरती ठेवावी. क-४०४ च्या मॅडम आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक व्यवसायाच्या शिल्प निदेशक होत्या. त्यांनी मार्गदर्शन करावे.

[क-४०४, सकाळी ९.१०]
सर, नमस्कार. पंप बदलण्याची घाई कृपया करू नका. गाडी नेमकी केव्हा अडखळते हे ठरल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घेऊ नये, हे मी विद्यार्थ्यांना शेवटपर्यंत सांगत आले. मला काही गोष्टी विचारायच्या आहेत. गाडी सकाळी थंड असताना अडखळते की तापल्यावर? पेडल हलके दाबताच अडखळते की भरपूर दाबून ठेवल्यावर दम सोडते? वर्धा रोडच्या डबल-डेकर उड्डाणपुलावर चौथ्या गिअरमध्ये सलग ओढते का? एसी आणि रेडिएटरचा पंखा चालू असताना त्रास वाढतो का? आणि सेल्फ मारताना इंजिन पूर्वीसारखे चटकन फिरते का?

[अ-१०१, सकाळी ९.४५]
मॅडम, उड्डाणपुलावर गाडी उत्तम चालते, तेथे काहीही तक्रार नाही. सिग्नलवरून निघताना किंवा चढावर, पाय नुकताच पेडलवर टेकवला की ती क्षणभर मरगळते. तापल्यावर हे अधिक होते, आणि पंख्याचा आवाज येत असताना तर हमखास होते. सेल्फ थोडा जड फिरतो, परंतु बॅटरी मागच्या हिवाळ्यात नवी घेतली आहे, म्हणून मी त्याकडे लक्ष दिले नाही.

[ब-२०३, सकाळी ९.४८]
इथेनॉल पाणी ओढून घेते. उन्हाळ्यात तर आणखी त्रास. मी पुन्हा सांगतो, इथेनॉल.

[क-४०४, सकाळी १०.१५]
सर, आपण फार मोलाची माहिती दिली. उड्डाणपुलाच्या चढावर, वेगात, इंजिनाला सर्वाधिक पेट्रोल लागते. पंप थकला असता किंवा फिल्टर तुंबला असता तर गाडीने तेथेच मान टाकली असती. अशा गाडीत पंप साधारणपणे ३ बारच्या आसपास दाब ठेवतो, आणि तो दाब गेज लावून मोजता येतो. ज्या गॅरेजने दाब न मोजता पंप बदलायला सांगितले, त्यांच्या निदानावर मी एक रुपयाही खर्च करणार नाही.

आपला दोष पेडल हलवण्याच्या पहिल्या क्षणी दिसतो. त्या क्षणी संगणकाला, म्हणजे ईसीयूला, थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, किती उघडला आणि मॅनिफोल्डमधील, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधील, दाब किती वाढला हे दोन सेन्सर सांगतात, आणि त्या भरवशावर तो जादा पेट्रोल सोडतो. ही माहिती चुकीची पोहोचली की मिश्रण क्षणभर कोरडे पडते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि गाडी अडखळते. मग सगळे सुरळीत होते, कारण तोवर धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे दुरुस्ती सुरू झालेली असते. व्हॅक्यूमची नळी चिरली असेल तरीही असेच होते, पण तेव्हा गाडी बहुधा थंड असताना अधिक कुरकुरते. आपल्याकडे उलट आहे.

[अ-३०३, सकाळी १०.२०]
मॅडम, माझ्याकडे ब्लूटूथ स्कॅनर आहे. मी आत्ता खाली जाऊन गाडीच्या संगणकातील बिघाडाचे कोड वाचून येतो. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागत नाही, म्हणजे सेन्सर ठीक असतील ना?

[क-४०४, सकाळी १०.३२]
बेटा, भारतात ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवण्याची ठरावीक पद्धत, एप्रिल २०१३ पासून सक्तीचे झाले. २००६ च्या गाडीशी तुझा स्कॅनर बोलेलच असे नाही, आणि नाही बोलला तर त्यावरून गाडीविषयी काहीच सिद्ध होत नाही. दिवा लागत नाही यावरही विसंबू नये. सेन्सरचा आकडा मर्यादेच्या पार बाहेर गेला तरच तो लागतो. मर्यादेच्या आतला, पण खोटा आकडा संगणक खरा मानून चालतो. तुझ्याकडे मल्टिमीटर असेल तर तो आण, आणि आजोबांचा काट्याचा जुना मीटर सापडला तर तोही आण.

[क-१०२, सकाळी १०.३६]
सगळी सोसायटी आता गॅरेज होणार काय? पुरानंतर बेसमेंटच्या साफसफाईसाठी वर्गणी दिली, ती यासाठी नव्हे.

[ब-१०४, सकाळी १०.४१]
वर्गणी दिली म्हणणाऱ्यांपैकी कोणी ती किती महिन्यांनी दिली, हे सचिवांच्या वहीत आहे. आणि ब-३०२ वहिनींच्या दोन्ही दुचाकी चढाच्या तोंडाशी, पिवळ्या पट्ट्यावर असतात, हेही कोणीतरी लिहायला हवे होते.

[ब-३०२, सकाळी १०.४४]
माझ्या दुचाकी तेथे का आहेत हे आपल्याला चांगले माहीत आहे. माझी नेमून दिलेली जागा कोण वापरतो, तेही सचिवांना विचारावे.

[सचिव, सकाळी १०.५०]
जागेचा विषय रविवारच्या बैठकीत घेऊ. पुराचा उल्लेख मात्र गाडीच्या दृष्टीने उपयोगी असू शकतो. सर, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलावाचे पाणी आले तेव्हा आपली गाडी खालीच होती ना?

[अ-१०१, सकाळी १०.५८]
होय, खालीच होती. पाणी चाकांच्या वर, बंपरपर्यंत आले होते. इंजिनात पाणी गेले नाही, म्हणून मी धुऊन, वाळवून पुन्हा वापरायला घेतली.

[क-४०४, सकाळी ११.२०]
सचिव साहेब, आपण योग्य जागी बोट ठेवलेत. बॅटरीच्या ऋण टोकापासून निघणारी अर्थची जाड तार बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या आवरणावर, खालच्या बाजूला बसवलेली असते. पुराचे गढूळ पाणी तेथवर पोहोचले की बोल्टखाली गंज धरतो, आणि तो आतल्या आत वाढत राहतो. वरून तार धडधाकट दिसते. सेल्फ जड फिरणे, बॅटरी नवी असूनही, हे मला सकाळपासून खटकत होते.

इंजिनाला बॅटरीचा परतीचा रस्ता नीट मिळाला नाही, तर त्या गंजलेल्या जोडावर काही अंश व्होल्ट अडकतो. पंखा, हेडलाइट यांसारखा भार वाढला की तो आणखी वाढतो. ईसीयू आणि इग्निशन कॉइल याच इंजिनाच्या धातूला अर्थ म्हणून वापरत असतील, तर सेन्सर ज्या शून्यापासून मोजतात ते शून्यच सरकते. मग सगळे सेन्सर निरोगी असूनही आकडे खोटे येतात. उन्हाळ्यात आपल्याकडे पंखा जवळपास सतत फिरतो, म्हणून दोष उन्हाळ्याचा वाटतो.

कृपया एसी लावून तपासू नका. एसीचा कॉम्प्रेसर स्वतःच इंजिनावर ओझे टाकतो, त्यामुळे अडखळणे विजेमुळे की ओझ्यामुळे हे कळणार नाही. हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर लावा. ते मुख्यतः विजेचे भार आहेत.

[ब-२०३, सकाळी ११.२४]
मॅडम, आपला अनुभव मान्य आहे. पण इथेनॉलच्या मुद्द्याला अजून कोणी उत्तर दिलेले नाही. मी तिसऱ्यांदा लिहीत आहे.

[क-४०४, सकाळी ११.४०]
भाऊ, उत्तर देते, कारण मुद्दा निराधार नाही. निव्वळ पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला सुमारे साडेतेरा पट. म्हणजे तेवढ्याच हवेला अधिक इंधन सोडावे लागते. संथ चालीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक भरून काढतो, मात्र पेडल एकदम दाबल्यावर जुनी गाडी संगणकात भरलेल्या पेट्रोलच्या जुन्याच कोष्टकावर चालते आणि तेथे तिच्याकडची उसंत कमी होते. शिवाय जुन्या रबरी नळ्यांना इथेनॉल सोसत नाही, टाकीतला जुना मळही ते सोडवते. हे सर्व खरे आहे. परंतु टाकीतले पेट्रोल पंखा चालू झाल्यावर बदलत नाही, आणि सरांची गाडी पंखा चालू झाला की बिघडते. म्हणून आधी विजेचा मार्ग तपासायचा.

[अ-३०३, सकाळी ११.४६]
मॅडम, दोन्ही मीटर मिळाले. गाडी बेसमेंटमध्ये नेऊन सुरू करून पाहू का?

[क-४०४, सकाळी ११.४८]
अजिबात नाही. बंद जागेत इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि माणसाला कळण्याआधी तो घात करतो. गाडी गेटबाहेर सावलीत घ्या. तापलेल्या इंजिनावर कोणताही क्लीनर फवारायचा नाही. सैल ओढणी, साखळी, घड्याळ काहीही अंगावर नको, कारण पंखा आपोआप सुरू होतो. मी खाली येत आहे.

[सचिव, सकाळी ११.५०]
कृपया मुलांना गेटबाहेर पाठवू नये.

[अ-३०३, दुपारी १२.३५]
मॅडमच्या देखरेखीखाली केलेली मोजणी येथे लिहितो. इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा चालू. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरली, तेव्हा ०.६ व्होल्ट दिसले. मॅडमच्या मते ते ०.१ च्या आसपास किंवा त्याहून कमी असायला हवे. बॅटरीपासून गाडीच्या बॉडीपर्यंत मात्र जवळपास शून्य होते.

त्यानंतर इंजिन बंद ठेवून, चावी चालू करून थ्रॉटल सेन्सर तपासला. सेन्सरच्या तारांचा प्लग न काढता मागून बारीक टाचणी घालून सिग्नलच्या तारेवर मीटर लावला आणि पेडल अगदी हळू दाबत नेले. व्होल्टेज अर्ध्या व्होल्टपासून चारच्या वर सलग चढले, काटा कोठेही थरथरला नाही. डिजिटल मीटरला क्षणभराची घसरण दिसत नाही असे होऊ शकते, म्हणून काट्याचा मीटर मागवला होता. थ्रॉटल सेन्सर निर्दोष आहे.

[अ-१०१, दुपारी १२.४२]
मॅडमनी एक साधी गोष्ट करून दाखवली, ती मला फार आवडली. ब-१०४ कडील जंपर केबल त्यांनी बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनाच्या धातूला लावली. मीटर ०.६ वरून जवळपास शून्यावर आला, सेल्फ नव्यासारखा फिरला आणि हेडलाइट, पंखा चालू असतानाही पाय टेकवताच इंजिन उचलू लागले. केबल काढली की पुन्हा अडखळले. लावली की पुन्हा ठीक झाले.

[ब-१०४, दुपारी १२.४५]
आमच्या केबलचे सार्थक झाले. दोष सापडला याबद्दल संध्याकाळी माझ्याकडून सर्वांना संत्रा बर्फी.

[क-१०२, दुपारी १२.५१]
चांगले झाले. तरीही इतक्या जुन्या गाडीत उद्या आणखी काही निघेलच.

[क-४०४, दुपारी १.०५]
निघेल, तेव्हा तेही मोजून पाहू. सर, आता अर्थची तार नवी घ्या आणि ती पहिल्याइतकी किंवा त्याहून जाड असू द्या. बसवण्यापूर्वी गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासून घ्या, बोल्ट घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा, म्हणजे ओल आत शिरणार नाही. ईसीयूची अर्थ तार इनटेक मॅनिफोल्डवर असेल तर तिचा बोल्टही काढून साफ करावा, कारण त्या पहाटे ते पाणी तेथेही पोहोचले नसेल असे मानू नये. बॅटरीचे ऋण टोक आधी सोडायचे आणि शेवटी जोडायचे, हे ज्याच्याकडून काम करून घ्याल त्याला सांगा. तार बदलल्यावर हीच मोजणी पुन्हा करू. आकडा खाली आला नाही तर काम झालेले नाही, मग गाडी कितीही बरी वाटो.

[ब-२०३, दुपारी १.०९]
आणि इथेनॉलसाठी काय करायचे? नळ्या तर बदलाव्याच लागतील.

[क-४०४, दुपारी १.१८]
भाऊ, नळ्यांबाबत आपले म्हणणे सरांनी मनावर घ्यावे. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्यांना तडे, फुगवटा किंवा पेट्रोलचा वास आहे का ते पाहावे आणि शंका असेल तेथे नळी बदलावी. तेथील गळतीमुळे आग लागू शकते. टाकी उन्हाळ्यात रिझर्व्हपर्यंत खाली जाऊ देऊ नये, कारण टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.

[अ-१०१, दुपारी १.२५]
मॅडम, तार आणि नळ्या दोन्हींचे काम उद्या सकाळी करून घेतो. गॅरेजला पंपासाठी होकार दिला नव्हता, तो आता देणार नाही. वहिनी, मोजणी झाल्यावर मी आपल्याला कळवतो, तोवर गाडी गेटबाहेरच राहील.

[ब-३०२, दुपारी १.३१]
ठीक आहे, सर. आकडा येथेच लिहावा, म्हणजे सर्वांना दिसेल.