आजीच्या ओव्यांच्या कॅसेटी डिजिटल कशा करायच्या, आणि १३ वर्षांच्या मुलीच्या कानापर्यंत कशा न्यायच्या?

उंबरठा

घरात सात कॅसेटी आहेत, १९८६ ते १९९४ मधल्या. मोनो टेपरेकॉर्डरवर घरीच भरलेल्या. चार सी-६०, दोन सी-९०, एक सी-१२० (आकडा म्हणजे दोन्ही बाजू मिळून मिनिटं). पाचांत आजींच्या जात्यावरच्या ओव्या, एकीत गल्लीतल्या मंडळाचं भजन, एकीत हळदीची गाणी. आजी ८४ वर्षांच्या आहेत, स्मरण शाबूत आहे. नात १३ वर्षांची. कानात दिवसभर हिपहॉप आणि कोरियन पॉप.

१. घरच्या घरी फाइली करायच्या तर नेमकं काय लागतं? एका कॅसेटचा आवाज फार दबका येतो. सी-१२० मध्ये फितीच्या कडेला पांढरी पूड दिसते.
२. फाइली झाल्या की त्या हार्ड डिस्कमध्ये पडून राहतात. नातीपर्यंत त्या पोचाव्यात, पण "आजीचं ऐक जरा" अशी सक्ती नको. कसं करावं?

---

फीतवाला

आधी पहिल्या प्रश्नाचं, कारण त्यात चुकलात तर दुसरा उरतच नाही.

कॅसेट हातात घेतली की पहिलं काम: वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे कान मोडून टाका. ते असले की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जातं आणि तेवढा भाग कायमचा जातो. घरच्या कॅसेटी बुरशीने कमी आणि अशा चुकीने जास्त मेल्या आहेत.

पांढरी पूड म्हणजे बुरशी. ती कॅसेट अजिबात वाजवू नका. हेडला (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) लागलेली पूड पुढच्या सहाही कॅसेटींना लागते. सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात आठवडाभर ठेवा, मग मास्क लावून खिडकीपाशी कवच उघडा आणि गुंडाळीच्या कडा कोरड्या मऊ ब्रशने झाडा. त्यातून ती सी-१२०. तिची फीत जेमतेम ९ मायक्रॉन जाड असते (सी-६० ची साधारण १६ ते १८), त्यामुळे ताणते, अडकते, रोलरला गुंडाळते. तुमच्या यादीत ती सगळ्यात शेवटी, बाकीच्या सहांवर हात बसल्यावर.

दबक्या आवाजाचं कारण बहुधा साधं आहे. कॅसेटच्या तोंडाशी फितीमागे तांब्याच्या पट्टीवर नमद्याचा (फेल्टचा) छोटा तुकडा असतो, फीत हेडवर दाबून धरायला. तीस वर्षांत त्याचा डिंक सुकतो आणि तो पडतो. मग फीत हेडला नीट टेकत नाही आणि वरचे सूर गायब होतात. उपाय: पाच स्क्रूंची एखादी टाकाऊ कॅसेट घ्या आणि दोन्ही चकत्या फितीसकट त्या कवचात बसवा. उघडण्याआधी फीत कुठल्या खुंटीवरून जाते त्याचा फोटो काढा. जुनं कवच चिकटवलेलं असेल तर सांध्यावर ब्लेड फिरवून उघडावं लागतं, पातं आत घुसू न देता.

तुटलेली फीत सेलोटेपने जोडू नका. त्याचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटतात. फितीसाठीची स्प्लायसिंग टेप मिळते. ती मागच्या बाजूने लावायची, म्हणजे हेडला टेकते त्याच्या उलट बाजूला.

वाजवण्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा. हेड आणि धातूची कॅपस्टन दांडी (फीत ओढणारी) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापसाच्या काडीवर दोन थेंब पुरे. रबरी रोलरही त्यानेच.

---

डेसिबल

शेवटच्या वाक्याला हरकत. अल्कोहोलने जुनं रबर कडक होऊन तडकतं. रोलरला साबणाच्या पाण्याने ओलसर केलेलं फडकं लावा आणि पूर्ण वाळू द्या. बाकी सगळं मान्य.

आता फाइल. कॅसेट डेकच्या (घरातल्या मोठ्या कॅसेट प्लेअरच्या) लाइन आउटमधून वायर यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज संगणकात नेणाऱ्या डबीच्या) लाइन इनमध्ये. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका, तिथे आवाज फाटतो. वॉकमनसारखे दिसणारे स्वस्त यूएसबी कन्व्हर्टर मिळतात, त्यांचा वेग डुलतो आणि ओवीतला लांबवलेला स्वर थरथरल्यासारखा येतो. चांगल्या स्थितीतला जुना डेक कुणाकडून तरी मागून आणा, आठवड्याचंच काम आहे.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील. स्टिरिओत तासाला साधारण १ जीबी होतो. कॅसेट जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ लागतो, इथे घाई चालत नाही.

घरोघर चुकतं ते पुढे. मोनो भरलेली कॅसेट स्टिरिओ डेकवर लावली की दोन्ही बाजूंना एकच आवाज येतो. भरणाऱ्या यंत्राचं हेड किंचित तिरकं असेल तर दोन्ही बाजूंत बारीकसं अंतर पडतं. त्या एकत्र केल्या की वरचे सूर एकमेकांना खातात आणि आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा होतो. डेकच्या हेडशेजारी स्प्रिंगवर बसलेला एक स्क्रू असतो. मूळ जागेवर मार्करने खूण करा, ऐकणं मोनोवर ठेवा आणि स्क्रू अगदी थोडा फिरवत जा. "स", "श", बांगड्यांचा आवाज जिथे सर्वांत स्पष्ट येईल तिथे थांबा. दुसऱ्या यंत्रावर भरलेली कॅसेट आली की पुन्हा हेच करायचं, शेवटी स्क्रू खुणेवर.

खरखर काढण्याचा मोह आवरा. ऑडॅसिटीत (आवाज भरण्या-संपादण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये) खरखरीचा नमुना निवडावा लागतो, आणि ओव्यांच्या कॅसेटीत लोक नेमकी जात्याची घरघर निवडतात, कारण ती एकसारखी असते. मग सॉफ्टवेअर जात्याचाच आवाज पुसतं, जाताजाता आवाजाचा खालचा भागही पुसतं, आणि आजी पाण्याखालून गायल्यासारख्या वाटतात. नमुना घ्यायचाच तर जातं थांबलेलं असतानाचे दोन सेकंद घ्या आणि घट ६ डेसिबलच्या पुढे नको. तेही प्रतीवर, मूळ फाइलला हात लावायचा नाही.

---

दळणकांडण

दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. फाइल करताना मधलं काही कापू नका. कुणीतरी "चहा ठेवला का गं" विचारतं, बाळ रडतं, मागे रेडिओ लागलेला असतो. घर ओळखू येतं ते त्याच्यावरून, तारीख लावायलाही तेच कामाला येतं. नातीला कान टवकारायला लावणारी जागाही बहुतेक हीच असते: रडणारं बाळ कोण?

१३ हे वय यासाठी चांगलं आहे. माणसाला साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांत ऐकलेलं संगीत पुढे आयुष्यभर जास्त आठवतं, हे स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसलं आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा २०१३ चा एक अभ्यास त्याच्याही पुढे जातो. विशीतल्या मुलांना स्वतःच्या काळातल्या गाण्यांसोबत आईवडिलांच्या तरुणपणची गाणीही जवळची वाटत होती. संशोधकांचा कयास असा की ती घरात वाजत होती म्हणून. पण तिथे सगळी रेकॉर्डवरची लोकप्रिय गाणी होती. ओव्यांना तो निष्कर्ष जसाच्या तसा चिकटवू नये, "घरात वाजत होती" एवढं मात्र घ्यावं.

तेव्हा बैठक घालून अर्धा तास ऐकवणं बाद. तिला काम द्या. ऑडॅसिटीत वाजत असताना कंट्रोल-एम दाबलं की त्या जागी खूण बसते. प्रत्येक ओवी सुरू झाली की एक खूण, आणि खुणेत ओवीचे शब्द टाइप करायचे. बोलीतले शब्द कळत नाहीत म्हणून तीच वीस सेकंदं सात-आठ वेळा ऐकावी लागतात, आणि ओवी डोक्यात बसते ती तिथे. एका वेळी पाच मिनिटांच्या वर फीत नको. न कळलेल्या जागी तिने प्रश्नचिन्ह ठेवावं आणि तेवढीच प्रश्नचिन्हं घेऊन आजींकडे जावं. आजींसमोर स्पीकरवर तो तुकडा लावा (हेडफोन नको), आणि शेजारी फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. पुष्कळदा आजी अर्थ सांगत नाहीत, पुढची ओवीच म्हणतात. तीही फाइल जपायची.

प्रश्न कसे असावेत याकडे लक्ष द्या. "आवडलं का?" आणि "आजीला आठवतं का?" दोन्ही वाया. "ही दुसरी बाई कोण म्हणतेय?", "हा भाऊ कोणत्या गावचा?", "दळण किती पायलीचं होतं?" असं विचारलं की बोलणं सुरू होतं. जात्यावरच्या ओव्यांत माहेरच्या गावाचं नाव, भावाचं नाव, वाटेवरचा ओढा, बाजाराचा वार असं घातलेलं असतं, प्रत्येक बाई आपापलं घालते. पाच कॅसेटींतली गावं नातीने नकाशावर टिंबांनी मांडली तर आजींचं माहेर, मावश्यांची सासरं आणि सोयरिकीचा पट्टा समोर येतो. वंशावळीत मुली सहसा नसतात, ओवीत असतात.

अमेरिकेतल्याच एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांची वीस प्रश्नांची यादी आहे: आईवडील कसे भेटले, आजीआजोबा कुठे वाढले, अशी. उत्तरं ठाऊक असलेल्या मुलांचा आत्मविश्वास जास्त दिसला. पण त्यांचंच म्हणणं आहे की उत्तरं पाठ करून काही होत नाही, ती कळतात त्या गप्पांचा हा भाग आहे. म्हणून यादी छापून नातीची परीक्षा घेऊ नका, कृपा करून.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पातल्या एक लाखाहून जास्त ओव्या 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, ग्रामीण भारताचा ऑनलाइन संग्रह) संकेतस्थळाकडे आहेत. तिथे धुंडाळताना आजींची ओवी दुसऱ्या तालुक्यातल्या बाईच्या तोंडी दोन शब्दांच्या फरकाने सापडू शकते. हिपहॉप ऐकणाऱ्या मुलीला हा प्रकार, दुसऱ्याची ओळ उचलून थोडी बदलणं, लगेच कळतो. तिने जात्याच्या एका फेऱ्याचा लूप करून त्यावर बीट रचला तर नाक मुरडू नका. प्रतीवर काम करू दे आणि पहिल्यांदा आजींना ऐकवू दे.

एक अडचण: ओव्यांत सासू-नणंदेचं गाऱ्हाणं असतं, आणि ती नणंद हयात असते. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याआधी आजींना विचारा. कुठल्या ओव्या घरातच राहू द्यायच्या ते त्या नीट सांगतात.

---

उंबरठा

फार उपयोगी. नमदा पडलेलाच निघाला, कवच बदललं, आवाज उघडला. आता भजनाच्या कॅसेटचं कोडं. सी-६० आहे, सुरुवातीला आवाज ठीक, पण बाजू संपेपर्यंत सगळे बुवा लहान मुलांसारखे गातात. डेक तोच, बाकीच्या कॅसेटी बरोबर वाजतात.

---

फीतवाला

भरताना सेल उतरत गेले. फीत हळू हळू फिरली, म्हणून आज नीट वेगाने वाजवली की शेवटाकडे पळते. भजनात पेटी आहे हे तुमचं नशीब, कारण तासाभरात पेटीचा सूर हलत नाही. समजा सुरुवातीला सा काळी एकवर, २७७ हर्ट्झ, आणि शेवटी तोच २९४ हर्ट्झ आला. म्हणजे जवळपास एक पूर्ण पट्टी, ६ टक्के वेग जास्त. ऑडॅसिटीत टाइम ट्रॅक (वेग हळूहळू बदलणारी पट्टी) घ्या, सुरुवात १०० वर आणि शेवट ९४.२ वर. सेल सरळ रेषेत उतरत नाहीत, शेवटी भसकन बसतात, म्हणून मध्येही बिंदू लागतील.

दोन भजनांच्या मध्ये बुवांनी पट्टी बदलली नाही ना, तेवढं आधी बघा. तिथे फसलात तर बरोबर असलेलं बिघडवाल. ओळखायची खूण: पट्टी बदलली तर सूर एकदम उडी मारतो, सेलमुळे तो एकाच भजनाच्या आतही सरकत राहतो.

मोजायला फोनवरचं गिटार ट्यूनरचं ॲप पुरतं, हर्ट्झ दाखवणारं. ते नातीकडे असेलच. पाचव्या, पंधराव्या, पंचविसाव्या आणि एकोणतिसाव्या मिनिटाला, पेटी एकटी वाजते तिथे.