पॉडकास्ट सुचवा: धायरी ते हिंजवडी बसप्रवासासाठी, आणि आईसाठीही

धायरी_फाटा
धायरीहून हिंजवडीला बसने जाणं-येणं आहे, एका बाजूला सव्वा ते दीड तास. इतिहास, समाज, विज्ञान, संगीत यातलं काहीही चालेल. मराठी असेल तर उत्तम, हिंदी-इंग्रजीही ऐकते. 'यशस्वी लोकांच्या दहा सवयी' छापाचं नको. फोन अँड्रॉइड, डेटा दिवसाला दीड जीबी.
आईसाठीही हवं आहे. वय ७४, वाचताना डोळे दुखतात, फक्त मराठी. फोनवर फार बटणं दाबायला लागू नयेत.

कान_टवकारून
मराठीत हल्ली जे गाजतंय त्यातलं बरंचसं कॅमेऱ्यासमोर केलेलं असतं. पाहुणा मधेच जुना फोटो दाखवतो, सगळे हसतात आणि बसमध्ये ऐकणाऱ्याला काय झालं ते कळत नाही. त्यामुळे फक्त आवाजावर उभं राहतं तेवढंच सुचवतो.

'अमुक तमुक' पुण्याचंच. ओंकार जाधव आणि शार्दुल कदम विषय घेऊन त्यातल्या जाणकाराला बोलावतात. मानसशास्त्र, आहार आणि नातेसंबंधांवरचे भाग चांगले उतरलेत, कारण पाहुण्याला वाक्य पूर्ण करू देतात. त्यांचंच 'खुसपुस' घरात न बोलल्या जाणाऱ्या विषयांवर आहे. ते मात्र स्पीकरवर लावू नका, हेडफोनच बरा.

नाटक-सिनेमाची आवड असेल तर सौमित्र पोटे यांचं 'मित्रम्हणे'. पाहुणा रंगभूमीवरचा असेल तो भाग आधी घ्या. तालमी, दौरे, प्रयोग कसा बसवला हे तपशिलात येतं आणि ते ऐकायला दृश्याची गरज पडत नाही.

रोजच्या बातम्यांच्या मुळाशी जायचं असेल तर बीबीसी मराठीचं 'तीन गोष्टी' आणि 'गोष्ट दुनियेची'. दोन्ही आटोपशीर आहेत आणि कानासाठीच लिहिलेली आहेत. मुलाखतीपेक्षा लिहून वाचलेला भाग गोंगाटात जास्त नीट कळतो, कारण एकच आवाज असतो आणि वाक्यं छोटी असतात.

मुठाकाठी
हिंदीत 'पुलियाबाज़ी' चुकवू नका. प्रणय कोटस्थाने आणि सौरभ चंद्र यांनी सुरू केलं, पुढे ख्याती पाठकही आल्या. शहराचं पाणी, कर, संघराज्य, चिप उद्योग असे विषय असतात. सार्वजनिक धोरण हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही, भाषा गप्पांचीच आहे. साधारण तासाभराचा भाग असतो, तुमच्या एका फेरीत बसतो.

इंग्रजीत अमित वर्मांचं 'द सीन अँड द अनसीन'. २०१७ साली सुरू झालं तेव्हा भाग वीसेक मिनिटांचे असायचे, आता तीन-चार तास आणि कधी त्याहूनही जास्त. एका बैठकीत संपवायचा प्रयत्न करू नका, आठवडाभर पुरवा. आवडत्या विषयातला पाहुणा शोधून तिथून सुरुवात करा.

इतिहासाला 'एम्पायर': विल्यम डॅलरिम्पल आणि अनिता आनंद. पहिली मालिका ईस्ट इंडिया कंपनी आणि ब्रिटिश भारतावर आहे, ती क्रमानेच ऐका. पुढे ऑटोमन साम्राज्य आणि गुलामांचा व्यापार येतो, तिथून कुठेही उडी मारली तरी चालते.

आणि बीबीसी रेडिओ ४ चं 'इन अवर टाइम'. १९९८ पासूनचा साठा आहे, हजाराच्या वर भाग. एक विषय, तीन प्राध्यापक, पाऊण तास. मला यापेक्षा दाट कार्यक्रम माहीत नाही. बसमध्ये मात्र जड जातो: तिघे एकामागून एक बोलतात, आवाज ओळखीचे होईपर्यंत कोण कोणाला उत्तर देतंय ते कळत नाही. शांत जागी ऐका, सकाळी तळजाईला चालायला जात असाल तर तिथे.

जुना_ट्रान्झिस्टर
संगीत म्हणालात म्हणून: हृषिकेश हिरवे यांचं 'साँग एक्स्प्लोडर', २०१४ पासून. गाणं करणारा कलाकार स्वतःच्या गाण्याचे थर सुटे करून दाखवतो. आधी फक्त ड्रम, मग त्यावर बास, मग गळ्याचा पहिला कच्चा टेक, आणि शेवटी पूर्ण गाणं. भाग बहुतेक वीस मिनिटांच्या आसपास. पाश्चात्त्य गाणी ऐकत नसाल तरी ऐका, पुढे कुठल्याही गाण्यात मागचं वाद्य कानाला वेगळं दिसायला लागतं.

दोन सूचना. याचे भाग मूळ वेगानेच (१x) लावा आणि ॲपमधली शांतता गाळण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर संगीतातल्या जागाच कापल्या जातात. आणि एकाच कानात बड घालून ऐकू नका. आवाज डावा-उजवा वाटलेला असतो, अर्धी वाद्यं गायब होतील.

धायरी_फाटा
खूप उपयोगी. यूट्यूबवर लावलं की स्क्रीन बंद करता येत नाही आणि डेटाही संपतो. त्याचं काय करायचं?

पाषाण_सूस
ॲप बदला. अँटेनापॉड घ्या. फुकट आहे, स्वतःच्या जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. 'पॉडकास्ट जोडा'मध्ये जाऊन नाव शोधायचं. मराठी नाव सापडलं नाही तर तेच रोमन लिपीत टाकून बघा, बऱ्याच जणांनी नोंदणी तशीच केलेली असते. तरीही नाही मिळालं तर कार्यक्रमाच्या संकेतस्थळावरचा आरएसएस पत्ता (नवे भाग ॲपला कळवणारी लिंक) कॉपी करून तिथे चिकटवायचा.

मग सेटिंग्जमध्ये डाउनलोड: आपोआप डाउनलोड चालू, फक्त वायफायवर, आणि ऐकून झालेला भाग आपोआप पुसला जाईल असं ठेवा. रात्री घरच्या वायफायवर भाग उतरतात, सकाळी डेटा शून्य. हिशोब सोपा आहे. १२८ केबीपीएसचा (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट) एक तास म्हणजे साधारण ५८ एमबी, ६४ चा असेल तर २९. व्हिडिओला याच्या कितीतरी पट लागतो. मेट्रोने जाणाऱ्यांनाही हेच सांगेन, शिवाजीनगर ते स्वारगेट गाडी जमिनीखालून जाते आणि नेटवर्कच्या भरवशावर राहिलं तर वाक्याच्या मधेच आवाज तुटू शकतो.

एवढं करूनही सकाळी भाग उतरलेले नसले तर दोष बहुतेक वेळा फोनच्या बॅटरी बचतीचा असतो. काही कंपन्यांचे फोन मागे चालणारी ॲप रात्री बंद पाडतात. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात अँटेनापॉड, त्यात बॅटरी, आणि तिथे निर्बंध काढून टाका. चालू भाग मधेच थांबत असेल तरी उपाय हाच.

प्रत्येक पॉडकास्टची वेगळी सेटिंग असते ती जरूर बघा. सुरुवातीचे इतके सेकंद आणि शेवटचे इतके सेकंद गाळ, असं सांगता येतं. रोज तेच ४० सेकंदांचं सुरुवातीचं संगीत असेल तर ४० टाका. एखाद्याचा आवाज मुळातच बारीक असेल तर त्या एकाच पॉडकास्टचा आवाज वाढवता येतो, वेगही त्या एकापुरता ठरवता येतो.

जे पॉडकास्ट फक्त यूट्यूबवरच आहेत त्यांच्यासाठी यूट्यूब म्युझिक ॲप वापरा. निर्मात्याने पॉडकास्ट म्हणून टाकलेलं असेल तर तिथे पैसे न भरताही स्क्रीन बंद ठेवून ऐकता येतं.

कान_टवकारून
यात एक भर. वर्णनात 'अमुक विषय २३:१० ला' असं लिहिलेलं असतं आणि तिथे गेलात तर भलतंच चालू असतं. बऱ्याच कार्यक्रमांत जाहिराती भाग उतरवताना घुसवल्या जातात, प्रत्येकाला कमी-जास्त, त्यामुळे वेळा सरकतात. साधारण एक-दोन मिनिटं पुढे शोधा.

वेगाबद्दल सगळे १.५ सांगतात. एकच निवेदक लिहिलेलं वाचत असेल तर ठीक आहे. मराठी गप्पांमध्ये दोघं एकमेकांच्या वाक्यात वाक्य घालतात, तिथे १.२ च्या पुढे गेलात की शब्दांची टोकं तुटतात. बसमध्ये तर १ च ठेवा.

मुठाकाठी
वेगाबद्दल मी थोडी असहमत. मुद्दा मोठा पण बोलणं संथ असेल तर १.४ लाही नीट कळतं. संहिता असलेल्या भागाला आणि गप्पांना वेगळे नियम हवेत हे मात्र खरं.

बसच्या आवाजाबद्दल कोणीच बोललं नाही. इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली आणि सलग असते, ती हेडफोनमधल्या नॉइज कॅन्सलिंगने (बाहेरचा आवाज दाबणारी सोय) बरीच कमी होते. हॉर्न आणि कंडक्टरची शिट्टी होत नाही. पण त्याआधी कानात घट्ट बसणारी सिलिकॉनची टोपी निवडा. डब्यात तीन मापं येतात, बहुतेक लोक मधलीच लावून ठेवतात. टोपी सैल असली की बाहेरचा आवाज आत येतो, मग आपण आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत अशी आहे. त्यावर गेलात की सुरक्षित वेळ झपाट्याने घटतो. आणि दुचाकी चालवताना दोन्ही कान बंद करून ऐकूच नका, मागचा हॉर्न ऐकू यायला हवा.

धायरी_फाटा
आईसाठी काय?

जुना_ट्रान्झिस्टर
त्यांना मुलाखतींपेक्षा कथा आवडतील असं वाटतं. स्टोरीटेलवर मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे. २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठीकडे त्यांचं लक्ष आहे. महिन्याचे पैसे पडतात आणि ही श्राव्य पुस्तकं आहेत, पॉडकास्ट नव्हे, पण डोळे दुखणाऱ्या वाचकाला हीच आधी द्यावीत. पुस्तक निवडताना लेखकाइतकाच वाचणारा आवाज महत्त्वाचा, म्हणून घेण्याआधी नमुना त्यांनाच ऐकवा. वाचणारा शब्द खात असेल तर कितीही चांगलं पुस्तक सोडून द्यावं लागतं.

गुन्हेकथा चालत असतील तर निरंजन मेढेकर यांचं 'मराठी क्राइम कथा' पॉडकास्ट म्हणूनच मिळतं. सांगणारा एकच आणि उच्चार स्वच्छ. झोपायच्या आधी मात्र नको.

बटणांसाठी: अँटेनापॉडचं विजेट (ॲप न उघडता वापरता येणारी बटणांची पट्टी) फोनच्या पहिल्या पानावर मोठं करून ठेवा, बाकीचे आयकॉन दुसऱ्या पानावर हलवा. रांगेत सात-आठ भाग तुम्ही लावून द्या, एक संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. त्यांना फक्त चालू-बंद करायचं. मागे जाण्याचं बटण ३० सेकंदांवर ठेवा, कारण दारावरची बेल वाजली की तेवढं हुकतंच. रात्री ऐकत असतील तर स्लीप टायमर (ठरल्या वेळाने आपोआप बंद करणारा) २० मिनिटांचा. फोन हलवला की वेळ परत भरते अशी सोय त्यात आहे, ती चालू करून द्या.

फोनचा स्वतःचा स्पीकर वयस्कर कानांना कर्कश लागतो, शब्द कळत नाहीत. छोटा ब्लूटूथ स्पीकर उशाशी, हाताच्या अंतरावर ठेवा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलात तर भिंतींवरून आवाज घुमतो, आणि तो घुमणारा आवाज मोठा केला तर आणखीच अस्पष्ट होतो.

पाषाण_सूस
जोडताना एक काळजी. त्यांचा स्पीकर तुमच्या फोनला आधी जोडलेला असेल तर तुम्ही घरात शिरताच तो तुमचा फोन पकडू शकतो आणि त्यांची कथा बंद पडते. तुमच्या फोनच्या ब्लूटूथ यादीतून तो स्पीकर काढून टाका, फक्त त्यांच्याच फोनला ठेवा.