नागपूरहून पातालकोट, एका दिवसाची ग्रुप पायपीट: वाट आणि परतीच्या वेळेबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आमच्या कॉलनीतले चौदा जण मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात पातालकोटच्या दरीत जाणार आहोत. सर्वांत लहान मुलगा अकरा वर्षांचा, सर्वांत मोठ्या काकू चौसष्टच्या. नियोजन माझ्याकडे आहे. या फोरमवर तामिया भागात फिरलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

नागपूरहून सावनेर, सौंसर करत छिंदवाडा साधारण १३० किमी, पुढे तामिया अजून पन्नासेक. एका दिवसात जाऊन, दरीत चालून परत येणं नको, म्हणून आदल्या रात्री तामियालाच मुक्काम करतोय. तिथपर्यंतचं सगळं ठरलंय.

काळजी आहे ती परतीच्या चढाची. आमचा सराव म्हणजे नागपुरातली सेमिनरी हिल्स टेकडी आणि रामटेकचा गड. तिथे ताज्या पायांनी चढायचं आणि दमल्यावर उतरायचं. दम लागला तर अर्ध्यातून माघारी फिरता येतं. पातालकोटात सगळं उलटं. वरच्या पठारावरून घोड्याच्या नालेसारख्या दरीत उतरायचं, खोली १२०० ते १५०० फूट, आणि पायात गोळे आल्यावर तेवढंच चढायचं. खाली असताना प्रत्येकाला वाटणार की अजून थोडं पुढे, दुधी नदीपर्यंत जाऊ. हा मोह आवरायचा कसा, हे मला आधीच ठरवायचंय.

त्यात काकूंचे गुडघे. मागच्या वेळी रामटेकला मी त्यांच्या मागेच होते. चढताना गप्पा मारत चढल्या. उतरताना मात्र प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय, मग त्याच पायरीवर डावा, आणि एक हात कठड्याला. हा बेत मुळात त्यांनीच काढला, त्यामुळे त्यांना तामियात बसवून ठेवायला मन होत नाही. काही गावांपर्यंत आता गाडीरस्ता गेलाय. मग अर्ध्यांनी पायी उतरावं आणि काकूंनी गाडीने खाली यावं, असं जमेल का? रातेड गावाकडून उतरणं सोपं की चिमटीपूर गावाकडून?

अजून एक. खाली भारिया आणि गोंड आदिवासींची घरं-शेतं आहेत. चौदा जणांचा घोळका मोबाईल उगारत कुणाच्या अंगणातून जावा, हे मला अजिबात नको आहे. गावातलाच वाटाड्या घ्यायचा तर कुणाला विचारावं?

प्रतिसाद

ताई, काकूंना गाडीने आणायचा विचार उत्तम, तसंच करा. गाडी खाली आली तर कुणाचा पाय मुरगळला तरी सोय राहते. वाट मात्र इथे विचारून ठरवू नका. पातालकोटच्या वाटेवरच्या छिंदी गावात आदल्या दिवशी थांबा, दोन-चार जणांना विचारा. पावसाळ्यानंतर घसारा कुठे झालाय ते त्यांनाच माहीत असतं. वाटाड्याचे पैसे आधी बोलून घ्या आणि त्याच्याच हातात द्या. फोटो विचारल्याशिवाय नाही, आणि झाडपाला उपटणं तर नाहीच. २०१९ पासून पातालकोट जैवविविधता वारसा स्थळ आहे.

वेळेचं म्हणाल तर ठिकाण ठरवू नका, घड्याळ ठरवा. सातला उतरायला लागा. उतरायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा. दहाला जिथे असाल तिथून मागे फिरायचं, नदी पाच मिनिटांवर दिसत असली तरी. दरीत ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं, जानेवारीत तर चारनंतर कड्यांची सावली पडायला लागते. सर्वांत हळू चालणारा पुढे, तुम्ही शेवटी.

कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ कुणी लावू नका, खाली चूल किंवा शेकोटी पेटवू नका, आणि पोरांना दगड मारू देऊ नका. माणशी तीन लिटर पाणी घ्या.

धागाकर्ती

खूप आभार, दादा. दहाचं आजच ग्रुपवर टाकते, म्हणजे तिथे वाद नको. एकच विचारायचं राहिलं: छिंदीहून खाली येणाऱ्या रस्त्यावर ट्रॅव्हलर वळते का, की तिथून जीप करावी लागेल? कुणी अलीकडे गेलं असेल तर कृपया सांगा, गाडीवाल्याला परवापर्यंत कळवायचंय.