चासनाल्यालाही जाऊन या

‘आपल्याकडे खाणकामगारांची स्मारकं आहेतच कुठे?’ असं काहीजण विचारतात. झारखंडमध्ये धनबादजवळच्या चासनाला कोळसाखाणीपाशी आहे ना! २७ डिसेंबर १९७५ ला वरच्या बंद खाणीत साठलेलं पाणी खाली फुटलं आणि पाळीवरचे ३७५ जण गेले. उपसा करायला परदेशातून पंप आणावे लागले; मृतदेह हाती लागायलाच काही आठवडे गेले. दरवर्षी त्या तारखेला घरची मंडळी स्मारकावर फुलं वाहायला येतात. जायचं तर तेव्हाच जावं, एरवी नुसता दगड बघून परत याल. दीपनगर वीजकेंद्राच्या कोळशाच्या वाघिणी रोज बघणाऱ्या आम्हा भुसावळकरांना तर प्रयागराजमार्गे जाणारी हावडा मेल थेट धनबादला सोडते. झरिया जवळच आहे, पण तिथे १९१६ पासून जमिनीखालच्या कोळशात आग धुमसतेय. स्थानिक माणसाशिवाय फिरू नका.