देवाचा कौल पद्यातच का?

रामबागची नात, इंदूर
नवरात्रात आमच्या आजीच्या अंगात यायचं. एरवी भाजीवाल्याशी अर्ध्या हिंदीत हुज्जत घालणारी ही बाई, पण तेव्हा थेट ओवीच्या चालीवर बोलायची. परवा वाचलं, प्राचीन ग्रीसमधल्या डेल्फीच्या मंदिरातली पुजारीण, पिथिया, अपोलो देवाचा कौल हेक्झामीटरमध्ये देई, म्हणजे महाकवी होमरच्याच वृत्तात. हे का? पद्यात बांधला की शब्द हलत नाही, म्हणून?

निवृत्त संस्कृतवाला
आधी वृत्त समजून घ्या. भगण (गुरू-लघु-लघु) सहा वेळा: भास्कर, भास्कर... मधे भगणाऐवजी दोन गुरू चालतात, शेवटी दोनच अक्षरं. सगळा खेळ लघु-गुरूचा, म्हणून आपल्या कानाला परका नाही. ग्रीक प्रवासवर्णनकार पौसानियस तर सांगतो की पहिली पिथिया फेमोनोई, आणि हे वृत्त तिनेच प्रथम गायलं. पण सगळेच कौल त्यात नसत. क्निडोस या ग्रीक नगराचे लोक मुख्य भूमीला जोडणारा चिंचोळा पट्टा खणत होते, कपच्या उडून मजुरांना इजा व्हायला लागली. कौल मागितला, तो आला आयँबिक, म्हणजे लघु-गुरूच्या वृत्तात: खणू नका, बेट हवं असतं तर झ्यूसनेच केलं असतं.

पोहे आधी
ग्रीक लेखक प्लुटार्क स्वतः डेल्फीचा पुजारी. त्याच्या काळी कौल गद्यात येत, म्हणून त्याने 'पद्य का थांबलं' यावर संवादच लिहिला. त्यात एक जण म्हणतो, देव फक्त प्रेरणा देतो. आवाज आणि वृत्त त्या बाईचं. काव्याचा देव अपोलो, आणि कौलाच्या ओळी अशा कच्च्या कशा, या कुरकुरीला हे उत्तर!

निवृत्त संस्कृतवाला
आणि शब्द हलत नाही म्हणता? अथेन्समध्ये इ.स.पू. ४३० ला साथ आली. म्हाताऱ्यांना जुनी ओळ आठवली: डोरियनांशी (स्पार्टाचे लोक त्यांतलेच) युद्ध येईल, सोबत 'लॉइमोस', म्हणजे साथ. काही म्हणाले, छे, मूळ शब्द 'लिमोस', म्हणजे दुष्काळ. दोन्ही गुरू-लघु, वृत्ताला काहीच फरक नाही. इतिहासकार थ्युसिडिडीस खवचटपणे लिहितो, पुढच्या युद्धात दुष्काळ पडला तर लोक तसंच म्हणतील.

रामबागची नात, इंदूर
अगंबाई! आजी आत्याबद्दल म्हणाली होती, 'आश्विनात वर मिळेल'. वर काही मिळाला नाही, पण त्याच आश्विनात फ्लॅटचा ताबा मिळाला. तेव्हापासून काकू शपथेवर सांगतात, शब्द 'घर' होता.