चर्चा: एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) सुटू नये म्हणून मुलांना आजाराचे नाव कोणत्या वयात सांगावे?

समुपदेशिका

मी गेली अकरा वर्षे एका सरकारी एआरटी केंद्रात समुपदेशनाचे काम करते. पुढील मतावर वाद होणार हे गृहीत धरूनच ते मांडते आहे. जन्मतः एचआयव्ही असलेल्या मुलाला आपल्या आजाराचे नाव वयाच्या बाराव्या वर्षाच्या आत, टप्प्याटप्प्याने आणि घरच्याच माणसाच्या तोंडून कळले पाहिजे. उपचारांतून गळणारी पुष्कळ मुले गोळ्या मिळाल्या नाहीत म्हणून गळत नाहीत. गोळी कशासाठी घ्यायची हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

आपल्या देशात मोफत एआरटी २००४ साली सुरू झाली आणि मुलांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम नोव्हेंबर २००६ मध्ये. तेव्हाची बालके आज विशीत आहेत. मूल लहान असते तोवर औषध पाजणारा हात मोठ्या माणसाचा असतो, त्यामुळे न सांगता निभावून जाते. तेराव्या-चौदाव्या वर्षी तो हात सुटतो.

आमच्याकडे चौदा वर्षांचा एक मुलगा आजीबरोबर येत असे. बाटलीत उरलेल्या गोळ्या आम्ही दर खेपेस मोजतो आणि त्याच्या गोळ्या नेहमी हिशेबाप्रमाणे भरत. (खरे तर इतका चोख हिशेब पाहूनच मला शंका यायला हवी होती; शिस्तीच्या माणसाच्याही एकदोन गोळ्या इकडेतिकडे होतात.) पुढे त्याचा व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) हजाराच्या कितीतरी वर आला. तो रोज रात्री एक गोळी मोजून मोरीत टाकत होता. कारण विचारले तेव्हा म्हणाला, "आजी म्हणते, रक्त वाढायची गोळी आहे. शाळेच्या तपासणीत माझं हिमोग्लोबिन तेरा आलं. मग कशाला घ्यायची?"

त्याच्या तर्कात मला आजतागायत चूक सापडलेली नाही. सहा ते बारा या वयातील मुलांना त्यांच्या समजेनुसार आजाराची माहिती द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ सालीच सांगितले आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला "तुझ्या रक्तात एक जंतू आहे, गोळी त्याला झोपवून ठेवते" एवढे पुरते. नाव मागाहून येते.

मिरजेचा मामा

ताई, आपल्या अनुभवाविषयी आदर बाळगूनही मी आपल्याशी सहमत नाही.

बहीण आणि दाजी वारल्यानंतर भाची तीन वर्षांची असल्यापासून आमच्याकडे आहे. आता ती तेरा वर्षांची असून आठवीत शिकते. रोज रात्री नऊ वाजता, मालिका सुरू होताना, तिची गोळी होते. मी बाटलीवरचे लेबल काढून टाकतो आणि आत कापूस कोंबतो, कारण गोळ्या खुळखुळल्या की शेजारच्या काकू "कसलं औषध हो?" म्हणून विचारतात. गेली तीन वर्षे तिचा व्हायरल लोड आढळलेला नाही. एकही तारीख चुकलेली नाही. मग न सांगून माझे नेमके काय चुकले?

तेरा वर्षांच्या मुलीला एक जिवलग मैत्रीण असते, त्या मैत्रिणीला आई असते आणि त्या आईचा बचत गट असतो. गुपित घराबाहेर पडायला एवढे पुरे आहे. लातूर जिल्ह्यातील हासेगावात 'सेवालय' या एचआयव्हीबाधित मुलांच्या संस्थेतील मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा गावातील पालकांनी आपापली मुले शाळेतून काढून घेतली होती, हे वर्तमानपत्रांत आलेले आहे. त्या मुलांच्या पाठीशी संस्था उभी होती. माझ्या भाचीच्या पाठीशी मी आणि तिची मामी, एवढेच आहोत.

मुले गळू नयेत असे खरोखर वाटत असेल, तर आधी केंद्राच्या वेळा बदलाव्यात. तारखेच्या दिवशी सकाळच्या एसटीने निघावे लागते, शाळा बुडते आणि वर्गशिक्षकांना दर वेळी नवे कारण सांगावे लागते. आतापर्यंत दात, डोळे आणि कुलदैवत ही कारणे वापरून झाली आहेत.

वसतिगृह अधीक्षक

मामांची भीती मला खोटी वाटत नाही, पण भाची दहावीनंतर बाहेरगावी शिकायला जाईल तेव्हा रात्री नऊला आठवण कोण करणार, हा प्रश्न त्यांनी विचारात घेतलेला दिसत नाही. आमच्याकडे एका खोलीत सहा मुले राहतात. ज्या मुलाला आपल्या गोळीविषयी काही ठाऊक नसते, तो पहिल्याच चौकशीला गोंधळतो आणि सर्वांसमोर उत्तर शोधू लागतो. ज्याला ठाऊक असते, तो काय सांगायचे हे घरूनच ठरवून येतो.

मात्र मुलाला कळले म्हणून ते शाळेला किंवा वसतिगृहालाही कळले पाहिजे असे कोणी समजू नये. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तशी सक्ती करता येत नाही, हे आमच्याच खात्यातील काही लोकांना सांगावे लागते.

जन्म २००३

मामा, मी तुमच्या भाचीच्या जागी होते. सहाव्या वर्षापासून एआरटी घेते आणि मावशीकडे वाढले.

केंद्राच्या दारावर पाटी असते आणि आतल्या भिंतींवर पोस्टर असतात. नंबर येईपर्यंत दोन-तीन तास बाकावर बसावे लागते. पाचवीतल्या मुलीला वाचता येते. मला अकराव्या वर्षी सगळे कळले होते आणि मला कळलेले नाही असे मावशी समजत होती. पुढची पाच वर्षे आम्ही दोघी एकमेकींना सांभाळून घेत राहिलो. ती मला "ताकदीची गोळी" म्हणून गोळी द्यायची आणि मीही "ताकदीची गोळी दे" म्हणून मागायचे.

पंधराव्या वर्षी मी गोळ्या बंद केल्या. मावशीवर राग नव्हता. घरात ज्या गोष्टीचे नाव घेण्याचीही लाज वाटते, ती रोज तोंडात का घालायची, असे वाटायचे. हे विचारायला कोणी नव्हते, कारण मला माहीत आहे हेच कोणाला माहीत नव्हते. आठ महिन्यांनी टीबी झाला आणि नंतर औषधेही बदलावी लागली.

तुमची भाची तीन वर्षे न चुकता गोळी घेते, यावरून तिला काही ठाऊक नाही असा निष्कर्ष निघत नाही.

बालरोगतज्ज्ञ

समुपदेशिकाताईंच्या भूमिकेचा मी साधारणपणे समर्थक आहे, तरीही "बारा वर्षांच्या आत" असा सरसकट नियम करण्यास माझा विरोध आहे. नाव सांगितल्यानंतर गोळ्या सोडलेली मुलेही मी पाहिली आहेत. पालक तारीख ठरवतात, धीर एकवटून एका दुपारी सगळे सांगून टाकतात आणि त्यानंतर तो विषय घरात पुन्हा कधीच निघत नाही. अशा सांगण्यापेक्षा सहा महिने थांबलेले परवडले.

दुसरे असे की, गोळ्या न मिळाल्याने मुले गळत नाहीत हे विधान व्यवस्थेला फारच झुकते माप देणारे आहे. २०१७ साली लहान मुलांच्या लोपिनावीर या एचआयव्हीवरील औषधाच्या सिरपचा तुटवडा झाला होता. २०२२ साली औषधे मिळेनात म्हणून रुग्णांनी दिल्लीत नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) कार्यालयात कित्येक आठवडे ठिय्या दिला होता. महिन्याच्या औषधासाठी आलेल्या माणसाला आठवड्याचे देऊन परत पाठवले, की तो पुढच्या आठवड्याचे एसटीभाडे कोठून आणणार? टाळेबंदीत दोन-तीन महिन्यांची औषधे एकदम देता आली होती. व्हायरल लोड नियंत्रणात असलेल्या शाळकरी मुलांसाठी ती पद्धत सर्वत्र का रुळू नये, हे मला समजत नाही.

काही बाबतींत परिस्थिती बरीच सुधारली आहे. डोल्युटेग्राविर हे नवे औषध आल्यापासून कडू सिरपचा छळ संपत आला असून, वाढीच्या वयातील बहुतेक मुलांना आता दिवसाला एकच गोळी पुरते. परंतु हे औषध कितीही दमदार असले, तरी अधूनमधून घेणे घातकच आहे, कारण रक्तातील औषध अर्धवट पातळीवर राहिले की विषाणू त्याला तोंड द्यायला शिकतो. मुलांसाठी पर्यायी औषधे मोठ्यांपेक्षा कमी आहेत.

समुपदेशिका

औषधांच्या तुटवड्याविषयी डॉक्टरांचे म्हणणे मान्य आहे. माझे वाक्य एकांगी होते. वेळांविषयी मामांचे म्हणणेही मान्य आहे आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. मुलांसाठी शनिवारी दुपारची वेळ ठेवावी, असे आम्ही दोनदा लेखी कळवले आहे.

वयाविषयी मात्र मी माघार घेत नाही. ज्या २०१७ च्या कायद्याचा वर उल्लेख झाला, त्यातच अशी तरतूद आहे की एचआयव्हीबाधित कुटुंबाचा कारभार पाहणारे, पुरेशी समज असलेले बारा वर्षांवरील भावंड आपल्या धाकट्या भावंडाचे पालक म्हणून शाळाप्रवेश, उपचार, बँक खाते यांसाठी सही करू शकते. ज्या वयात कायदा मुलाला दुसऱ्याच्या उपचारांसाठी सही करू देतो, त्या वयात त्याला स्वतःच्या उपचारांचे नाव सांगायचे नाही, हे मला पटत नाही.

मिरजेचा मामा

कायदा मिरजेत बसून केलेला नाही, एवढेच म्हणतो. माझे मत बदललेले नाही; दहावीच्या परीक्षेआधी मी तिला सांगणार नाही.

पाटीचा मात्र विचार मी खरोखर केला नव्हता. ती बाकावर बसून मोबाइल पाहत असते, असे मी धरून चाललो होतो. जिचा उल्लेख वर झाला नाही अशी एक अडचणही आहे. आजाराचे नाव सांगितले की ती पहिल्यांदा आईविषयी विचारणार, आणि माझ्या बहिणीविषयी तिच्या मनात वावगे काही यावे हे मला सहन होणार नाही. त्या वेळी काय सांगतात?

जन्म २००३

मीही पहिल्यांदा तेच विचारले होते. मावशी म्हणाली, "तिला माहीतच नव्हतं. तू पोटात असताना आपल्याकडं ही तपासणी कोणी केलीच नाही. कळलं तेव्हा तू दोन वर्षांची होतीस आणि तुझी तपासणी करून घ्या म्हणून तीच सगळ्यांच्या मागं लागली होती."

त्यानंतर दोन दिवस मी मावशीशी बोलले नाही. गोळी मात्र तिने ताटाशेजारी ठेवली, तशी दोन्ही दिवस घेतली.