विक्री घटूनही नफा टिकला, हे प्लांट हेडना कसे समजावून सांगावे?

प्रश्नकर्ता: चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी आठ महिन्यांपासून एफपी अँड ए (आर्थिक नियोजन व विश्लेषण) विश्लेषक आहे. त्याआधी आयटी कंपनीत बजेटिंग पाहत असल्यामुळे साठ्याच्या मूल्यांकनाशी माझा संबंध आला नव्हता. गेल्या महिन्यात विक्री बजेटपेक्षा बरीच कमी झाली, तरी नफा फारसा घटला नाही. ‘उत्पादन जोरात होते म्हणून,’ असे प्लांट हेड समाधानाने सांगतात. मला मात्र ते पटत नाही. शिवाय मटेरियल युसेज व्हेरिअन्स (ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी-जास्त कच्चा माल लागल्याने पडणारा खर्चाचा फरक) सलग तीन महिने प्रतिकूल आहे आणि त्यावर ‘बीओएम (एका नगाला लागणाऱ्या मालाची यादी) जुने आहे’ एवढेच उत्तर मिळते.

कॉस्ट अकाउंटंट, भोसरी: प्लांट हेड खोटे बोलत नाहीत, अडचण तीच आहे. समजा, महिन्याचा स्थिर उत्पादन खर्च 40 लाख रुपये आणि सर्वसाधारण क्षमता 20,000 नग आहे, म्हणजे प्रत्येक नगावर 200 रुपये बसतात. तुम्ही 20,000 नग बनवून 15,000 विकले, तर उरलेल्या 5,000 नगांबरोबर 10 लाखांचा स्थिर खर्च साठ्यात जाऊन बसतो आणि त्या महिन्याच्या नफ्याला त्याची झळ लागत नाही. इंड एएस 2 या साठ्याच्या मूल्यांकनाच्या भारतीय लेखा मानकाप्रमाणे हे नियमबाह्य नाही. पण साठा उतरवण्यासाठी पुढच्या महिन्यात उत्पादन 12,000 वर आणले, की 24 लाखच नगांवर बसतील आणि उरलेले 16 लाख थेट नफ्यातून जातील. त्यामुळे वाद न घालता पुढच्या महिन्याचा फोरकास्टच त्यांच्यापुढे ठेवा, आणि शेजारी कॉन्ट्रिब्युशनवर (विक्रीतून फक्त बदलता खर्च वजा करून उरणाऱ्या रकमेवर) आधारलेला नफा व तयार मालाचा साठा किती दिवसांचा आहे, हे दोन आकडे द्या.

उत्पादन नियोजन विभागातून: युसेज व्हेरिअन्सचे उत्तर एक्सेलमध्ये सापडणार नाही, त्यासाठी कटिंगच्या मशीनपाशी जाऊन उभे राहावे लागेल. आमच्याकडे करवतीच्या जाडीसह 290 मिमीचा तुकडा कापतात. 6 मीटरच्या बारमधून 20 तुकडे निघून 200 मिमीचा शेवटचा तुकडा उरत असे. पुरवठादाराने साडेपाच मीटरचे बार पाठवायला सुरुवात केल्यावर 18 तुकडे निघून 280 मिमी उरू लागले. खरेदी विभागाने दरात सूट मिळवली म्हणून प्राइस व्हेरिअन्स (खरेदी दरातला फरक) अनुकूल दिसला आणि युसेजचा ठपका मात्र शॉप फ्लोअरवर आला. दोन्ही व्हेरिअन्स एकत्र वाचा, आणि भंगारविक्रीची रक्कम वजा केल्याशिवाय नुकसानीचा आकडा कोणाला सांगू नका.

प्रश्नकर्ता: आज सकाळच्या शिफ्टला कटिंगपाशी गेलो होतो. बारची लांबी बदललेली नाही, पण सेटिंगमध्ये, म्हणजे मशीन जुळवताना, बाद होणारे पहिले तीन-चार नग कोणीच रिजेक्शनमध्ये नोंदवत नाही. ते सरळ भंगाराच्या पेटीत जातात. आता दर शिफ्टला किती सेटिंग होतात, ते मोजायला घेतले आहे.